तिघांचे पंचेचाळीस

‘तलवारीने केक कापला, गुन्हा दाखल’. आपल्याकडच्या पेपरात ही बातमी आता इतकी नेहमीची झालीय की कुणी पूर्ण वाचतही नाही. त्यामुळे केज तालुक्यातल्या युसूफ वडगावसारख्या गावात कॉलेजातल्या एखाद्या पोरानं ‘मी तलवारबाजी खेळतो’ म्हटलं, की पारावरून पहिला प्रश्न ठरलेला, ‘काय रं, कुनासंगं मारामारी करायचीय व्हय?’ दुसरा प्रश्न घरातून येतो आणि तो जास्त अवघड असतो, ‘ह्याच्यातून नोकरी लागती का?’

पहिल्या प्रश्नाचं उत्तर सोपं आहे. या खेळातल्या तलवारीला धारच नसते. फॉईल, ईपी आणि सेबर अशी तीन शस्त्रं असतात. फॉईल आणि ईपीच्या टोकाला एक बटण असतं. ते समोरच्याच्या अंगावर दाबलं गेलं की यंत्रावर दिवा लागतो. फॉईलमध्ये फक्त धडावर लागलेला वार धरतात, ईपीत डोक्यापासून पायाच्या अंगठ्यापर्यंत सगळं अंग चालतं आणि सेबरमध्ये कमरेच्या वरचा भाग. लढायची जागा, म्हणजे पिस्ट, १४ मीटर लांब आणि जेमतेम दीड-दोन मीटर रुंद. पांदीच्या वाटेवर समोरासमोर आलेली दोन माणसं डोळ्यांसमोर आणा, तेवढीच जागा. बाजूला पळता येत नाही. पुढं जा, नाहीतर मागं सरका. दांडपट्ट्याला २०२४ मध्ये महाराष्ट्राचं राज्यशस्त्र म्हणून मान मिळाला, तेव्हापासून अनेकांना वाटतं की हे त्याचंच काहीतरी असेल. नाही. त्याचा बाज वेगळा, याचा वेगळा. ही तलवारबाजी १८९६ च्या पहिल्या आधुनिक ऑलिंपिकपासून प्रत्येक ऑलिंपिकमध्ये आहे. विद्यार्थ्यांच्या जागतिक क्रीडास्पर्धेतही ती १९५९ च्या तुरिनपासून आहे.

बीड जिल्ह्याला खेळाडूंचं नवल नाही. आष्टीच्या मांडव्याचा अविनाश साबळे आहे, पाटोद्याचा राहुल आवारे आहे. पण धावायला रस्ता पुरतो आणि कुस्तीला माती. तलवारबाजीला मास्क लागतो, जॅकेट लागतं, आतून घालायचा प्लॅस्ट्रॉन लागतो, हातमोजा लागतो, अंगातून जाणारी वायर लागते, फॉईल आणि सेबरला वरून धातूच्या धाग्यांचा लामे लागतो. आणि वार नोंदवणारं यंत्र लागतं. हे सगळं एकट्यानं विकत घेणं गावाकडच्या घराला परवडत नाही. मराठवाड्यात या खेळाचं मोठं ठिकाण म्हणजे छत्रपती संभाजीनगर. तिथं विद्यापीठाच्या परिसरात ‘साई’चं केंद्र आहे, प्रशिक्षक आहेत, वर्षानुवर्षं खेळणारी मुलं-मुली आहेत. युसूफ वडगावहून तिथं जायचं म्हणजे एसटीनं केज, केजहून बीड आणि पुढं संभाजीनगर. म्हणजे गावाकडचा पोरगा कॉलेजात आल्यावर ज्या वयात ही तलवार पहिल्यांदा हातात धरतो, त्या वयात समोरचा आठ-दहा वर्षं खेळून झालेला असतो. डॉ. बाबासाहेब आंबेडकर मराठवाडा विद्यापीठाच्या आंतरमहाविद्यालयीन स्पर्धेत हे दोघं एकाच पिस्टवर समोरासमोर येऊ शकतात. वैयक्तिक लढतीत काय होणार, हे सांगायला ज्योतिषी नको.

सांघिक लढतीत मात्र गंमत आहे.

हरायचं, पण थोडक्यात

एका संघात तीन खेळाडू आणि एक राखीव. प्रत्येक जण समोरच्या तिघांशी एकेकदा लढतो, म्हणजे एकूण नऊ लढती. प्रत्येक लढत जास्तीत जास्त तीन मिनिटांची. पण गुण पुसले जात नाहीत, पुढच्याच्या खात्यात जातात. पहिली लढत कुणीतरी ५ वर पोचेपर्यंत, दुसरी १० पर्यंत, तिसरी १५ पर्यंत, असं करत नवव्या लढतीत ४५. जो संघ आधी ४५ गाठेल तो जिंकला. वेळ संपली तर ज्याचे गुण जास्त तो. बरोबरी झाली तर एक मिनिट जादा, आणि त्यात पहिला वार निर्णायक.

आता यातली मेख बघा. तुमच्या संघातला पहिला पोरगा १-५ नं हरून आला. दुसरा पिस्टवर चढतो तेव्हा फलक १-५ दाखवतो. हे पाच गुण त्यानं दिलेले नाहीत, पण फेडायचे त्यालाच आहेत. समोरच्याला १० गाठायला पाच वार पुरतात, याला नऊ लागतात. त्यानं आधी नऊ मारले तर संघ १० वर पोचून पुढे. आपल्या लढतीत नऊ वार मारण्याची मुभा या रिलेचा नियम देतो. वैयक्तिक गटातल्या साखळीत पाच झाले की खेळ खल्लास.

पण नऊ मारायला निघालेलाच बहुतेक वेळा बुडतो. मागं पडलोय म्हणून तो अंगावर धावून जातो, समोरचा शांतपणे हात लांब करतो आणि दिवा लागतो. कबड्डीत शेवटच्या मिनिटाला चढाईला गेलेला गडी एका झटक्यात सगळं भरून काढायला जातो आणि कोपऱ्यात धरला जातो, तसंच. म्हणून सांघिक तलवारबाजीत एक काम असं आहे ज्याला कुणी टाळ्या वाजवत नाही, ते म्हणजे थोडक्यात हरणं. समोरचा आपल्यापेक्षा सरस आहे, हे मनोमन मान्य करायचं आणि ०-५ ऐवजी ३-५ नं हरून यायचं. ते तीन वार पुढं सातव्या-आठव्या लढतीत कामाला येतात. शेवटची लढत जिंकून देणाऱ्याचा फोटो येतो. तीन मिनिटं मागं सरकत, वेळ काढत, एखाद-दुसरा वार मिळवून आलेल्याचा येत नाही. माझ्या मते कॉलेजच्या संघात खरी पारख या दुसऱ्या खेळाडूची व्हायला हवी. आठ-दहा वर्षं खेळलेल्याशी पडणारी गाठ आपल्याकडच्या पोराला इथं निभावता येते, कारण इथं त्याला जिंकावंच लागत नाही.

उलटंही होतं. आघाडी घेऊन शेवटच्याच्या हातात सामना द्यावा आणि त्यानं तो घालवावा. परतीच्या एसटीत त्या पोराशेजारी कोण बसतं, यावरून संघ कसा आहे ते कळतं.

आणि एक अडचण आहे, ती सगळ्याच कॉलेजांत असते. सांघिक गटात खांद्याला खांदा लावणारे तिघं वैयक्तिक गटात एकमेकांसमोर उभे असतात. विद्यापीठाच्या संघात जागा मोजक्याच असतात. तिथं निवड झाली तरच अखिल भारतीय आंतरविद्यापीठ स्पर्धा, आणि तिथून पुढं खेलो इंडिया विद्यापीठ स्पर्धेचं दार. अशा वेळी दोस्तासाठी लढत सोडून देण्याचा मोह होतो, किंवा ‘तू मला इथं जिंकू दे, मी तुला पुढं बघतो’ अशी कुजबुज. आंतरराष्ट्रीय नियम बनवणारांना माणसाचा हा स्वभाव चांगला ठाऊक आहे. एकाच देशाचे खेळाडू एका साखळीत आले तर त्यांची आपसातली लढत सुरुवातीलाच लावतात. कुणाला किती गुणांची गरज आहे, हे कळायच्या आत ती उरकलेली बरी! नियम इथपर्यंत पोचतो. सकाळी ज्याच्याकडून हरलो त्याच्याच बाजूनं दुपारी घसा फोडून ओरडणं, हे मात्र ज्याचं त्यालाच जमवावं लागतं.

बूट की फरशी?

पूर्वी यंत्र नव्हतं. पंच डोळ्यांनी बघायचे, आणि ज्याला वार लागला त्यानं ‘लागला’ म्हणून स्वतः कबूल करण्याची रीत होती. मग १९३० च्या दशकात ईपीला विजेचं यंत्र आलं, १९५० च्या दशकात फॉईलला, सेबरला तर थेट १९८० च्या दशकाच्या अखेरीस. दिवा आला, आता खोट्याला जागा उरली नाही असं वाटलं.

जागा उरलीच. ईपीत पायावर मारलेला वार चालतो. समजा तुम्ही समोरच्याच्या बुटाचा नेम धरला आणि टोक फरशीवर आदळलं. मोठ्या स्पर्धेत पिस्ट धातूची असते, ती यंत्राला जोडलेली असते आणि फरशीवरच्या वाराला दिवा लागत नाही. पण एखाद्या कॉलेजच्या सभागृहात साध्या फरशीवर पट्ट्या मारून सामना चालू असला तर बटण दाबलं गेलं की दिवा लागतो, मग ते बुटावर दाबलं जावो की जमिनीवर. पंच एका बाजूला उभे असतात. निमिषाचा खेळ. त्या क्षणी खरं काय ते फक्त एकाला पक्कं माहीत असतं, ज्याच्या मनगटाला तो दणका जाणवला त्याला. बुटावरचा दणका वेगळा, फरशीवरचा वेगळा. त्यानं हात वर करून ‘फरशी’ म्हणावं अशी जाणत्या खेळाडूंची अपेक्षा असते. नाही म्हटलं तर गुण मिळून जातो.

हे बोलायला सोपं आहे. ४४-४४ असताना बोलून बघा. तो गुण एकट्याचा नसतो. बाकावर दोघं बसलेले असतात, त्यांच्या सहा लढतींचा घाम त्या एका दिव्यात असतो. ‘तू कशाला मोठा हरिश्चंद्र झालास?’ असं त्यांनी विचारलं तर? म्हणून खरेपणा एकट्यानं ठरवायची गोष्ट नाही, संघानं आधी बसून ठरवायची गोष्ट आहे. फरशीवर लागला तर सांगायचं, हे सरावातच पक्कं झालं असेल तर सामन्यात सांगणाऱ्यावर कुणी डोळे वटारत नाही.

एकाच्या लबाडीची किंमत संघ कशी मोजतो, याचं जगातलं सर्वांत गाजलेलं उदाहरण १९७६ च्या माँट्रियल ऑलिंपिकचं आहे. सोव्हिएत संघाचा बोरिस ओनिश्चेन्को आधुनिक पेंटॅथलॉन खेळत होता. पाच खेळांच्या या स्पर्धेत तलवारबाजीची लढत ईपीवर आणि एकाच वाराची असते. ओनिश्चेन्को काही लिंबूटिंबू नव्हता, म्युनिकला १९७२ मध्ये त्यानं वैयक्तिक रौप्य आणि सांघिक सुवर्ण मिळवलेलं होतं. ब्रिटनच्या जिम फॉक्सशी लढताना दिवा लागला, पण फॉक्सला वार लागलाच नव्हता. त्यानं तक्रार केली. शस्त्र उघडून पाहिलं तर मुठीत लपवलेला एक स्विच निघाला. बोटानं दाबला की वार न लागताही दिवा. ओनिश्चेन्को बाद झाला, आणि त्याच्याबरोबर सोव्हिएत संघही सांघिक स्पर्धेतून बाहेर गेला. त्याच्या साथीदारांची सगळी मेहनत त्या एका बटणाखाली चिरडली गेली. सांघिक सुवर्ण ब्रिटननं नेलं.

प्रमाणपत्राचा कागद

आता घरातून आलेला दुसरा प्रश्न. नोकरी लागते का?

शासकीय नोकऱ्यांत खेळाडूंसाठी ५ टक्के आरक्षण आहे. कोणत्या पातळीवरचं पदक कोणत्या गटाच्या पदाला चालतं, याचे नियम शासन निर्णयात दिलेत. ज्याला त्यात रस असेल त्यानं ते मुळातून वाचावेत, चहाच्या टपरीवरच्या माहितीवर जाऊ नये. ज्या घरात वर्षाचा अर्धा काळ ऊसतोडीला जातो, त्या घरातल्या पोरीला भरतीत ही संधी दिसली तर तिनं ती बघू नये असं कोण म्हणेल? मी तरी म्हणणार नाही. खेळ फक्त खेळासाठी खेळावा, हे सांगणाऱ्यांची पोटं बहुधा भरलेली असतात.

पण यातूनच कीड लागते. कमी खेळाडू असलेला खेळ शोधायचा, नाव घालायचं, मैदानावर न जाता कागद मिळवायचा. ट्रॅम्पोलिनसारख्या खेळाची बोगस प्रमाणपत्रं जोडून नोकऱ्या मिळवल्याची प्रकरणं राज्यात गाजली, चौकशा झाल्या. तेव्हापासून प्रमाणपत्राची पडताळणी कडक झाली, आणि तिचा काच खऱ्या खेळाडूलाही बसतो. तलवारबाजीसारख्या खेळाला हा धोका जास्त. गावात कुणी हा खेळ पाहिलेलाच नाही, मग खोटं कोण पकडणार?

सांघिक गटात ही कीड आणखी सहज शिरते. तिघं हवेत आणि दोघंच खेळणारे आहेत, मग तिसरा ‘नावाला’ उभा करायचा. त्याला सलामीसुद्धा नीट येत नसते. तीन लढतींत तो १५ गुण देऊन येतो आणि पदक मिळालं तर कागद त्यालाही मिळतो. संघभावनेच्या नावाखाली हे खपवलं जातं. ‘दोस्ताचं कल्याण होतंय, तुझं काय जातंय?’ जातंय ते शेजारच्या कॉलेजातल्या त्या तिसऱ्याचं, ज्यानं पहाटे उठून पायाच्या हालचाली घोटल्या. भरतीच्या यादीत त्याच्यापुढं हा असतो.

एक मास्क, तीन डोकी

संघभावना शिकवायला भाषणं लागत नाहीत. एकच किट तिघांत वापरायला द्या, आपोआप येते. एकाची लढत संपली की त्याचा घामेजलेला मास्क दुसऱ्याच्या डोक्यावर, वायर एकाच्या बाहीतून काढून दुसऱ्याच्या बाहीत. यात कुणी वायर वेडीवाकडी गुंडाळली तर पुढच्याचा दिवा लागत नाही. चालू स्थितीतली जादा तलवार आणि जादा वायर जवळ नसली तर पंच पिवळं कार्डही दाखवतात. अशा वेळी समोरच्या कॉलेजच्या बाकावरून कुणीतरी आपली वायर पुढं करतं. त्याच वायरनं आपण त्यांच्याच खेळाडूला वार करणार असतो! परत करताना ती नीट गुंडाळून द्यावी, एवढं लक्षात ठेवलं तरी पुष्कळ.

फक्त एका बाबतीत उसनवारी आणि काटकसर नको. १९८२ च्या जागतिक स्पर्धेत रोममध्ये प्रतिस्पर्ध्याचं तुटलेलं पातं मास्क भेदून गेलं आणि ऑलिंपिक विजेता व्लादिमिर स्मिर्नोव्ह मरण पावला. त्यानंतर मास्क, कपडे, पाती या सगळ्यांचे निकष कडक झाले. जाळी दबलेला मास्क, चिरलेलं पातं हे ‘चालतंय की’ म्हणून वापरणं म्हणजे धाडस नाही. समोर उभा असलेला पोरगाही कुणाच्या तरी घरचा आहे.

भवानीदेवीनं चेन्नईत सरावाला बांबूच्या काठ्या वापरल्या, हे आता बऱ्याच जणांना माहीत आहे. टोकियोत ऑलिंपिक खेळणारी ती पहिली भारतीय तलवारबाज. पण माझ्या दृष्टीनं एसटीवर अवलंबून असलेल्या पोरांसाठी तिची दुसरी गोष्ट जास्त कामाची आहे. २००७ मध्ये तुर्कस्तानातल्या पहिल्याच आंतरराष्ट्रीय स्पर्धेत ती तीन मिनिटं उशिरा पोचली आणि काळं कार्ड मिळून बाहेर गेली. तेव्हा मुक्कामाची गाडी पकडा. आदल्या रात्री पोचा.

सलामी

लढत सुरू होण्याआधी मास्क काढून समोरच्याला, पंचांना आणि प्रेक्षकांना तलवारीनं सलामी द्यावी लागते. संपल्यावर पुन्हा सलामी आणि मोकळ्या हातानं हस्तांदोलन. २०२३ मध्ये मिलानच्या जागतिक स्पर्धेत युक्रेनची ओल्हा खारलान रशियाच्या ॲना स्मिर्नोवाला १५-७ नं हरवून उभी होती. देशावर युद्ध लादलेलं. तिनं हात पुढं केला नाही, तलवार पुढं केली. नियमानुसार ती स्पर्धेतून बाद झाली. त्यावर जगभर चर्चा झाली, नियम बदलला, हस्तांदोलन ऐच्छिक झालं. सलामी मात्र राहिली. पुढच्या वर्षी पॅरिसला खारलाननं वैयक्तिक कांस्य आणि सांघिक सुवर्ण मिळवलं. हात मिळवण्याची सक्ती करता येत नाही, पण समोर माणूस उभा आहे एवढं मान्य केल्याशिवाय पिस्टवरून उतरता येत नाही, असा या बदलाचा अर्थ मी घेतो. आपल्याकडच्या कॉलेजात एवढं युद्धबिद्ध काही नसतं. पंचांनी एक निर्णय चुकीचा दिला म्हणून हात झटकणाऱ्यांनी खारलानचं नाव पुढं करू नये.

पंच चुकतात, हेही खरंच. २०१२ ला लंडनमध्ये कोरियाची शिन आ-लाम ईपीच्या उपांत्य लढतीत शेवटच्या एका सेकंदात हरली. तो सेकंद संपतच नव्हता, घड्याळाचा गोंधळ होता. तिच्या प्रशिक्षकांनी दाद मागितली आणि निकाल लागेपर्यंत ती एकटी पिस्टवर बसून राहिली, तासाहून जास्त, रडत. उतरली असती तर निकाल मान्य केल्यासारखं झालं असतं. दाद फेटाळली गेली. मग लगेच कांस्यपदकाची लढत, तीही हरली. पाच दिवसांनी सांघिक ईपीत तीच शिन आपल्या साथीदारांबरोबर पुन्हा पिस्टवर होती आणि कोरियानं रौप्य जिंकलं. भांडायचं तर असं, नियमात राहून. आणि पाच दिवसांनी पुन्हा यायचं.

ज्यांना सुरुवात करायचीय त्यांच्यासाठी कामाचं बोलू. कॉलेजच्या क्रीडा संचालकांना भेटा, विद्यापीठाच्या स्पर्धेची तारीख आणि नावं पाठवायची शेवटची तारीख विचारा. कॉलेजकडं किट नसेल तर जिल्हा संघटनेकडं चौकशी करा. शस्त्र एकच निवडा. आणि आपल्यासारखा आणखी कोण आहे ते शोधा, कारण सांघिक गटात तिघांशिवाय उतरता येत नाही. मुलींच्या बाबतीत तर हे फारच खरं आहे. एकटीला संभाजीनगरला पाठवायला घरचे तयार नसतात, तिघी मिळून निघाल्या तर आई डबा बांधून देते. दोन जण बहुतेक कॉलेजांत सापडतात. अडतं ते तिसऱ्यापाशी. कबड्डीच्या संघात जागा न मिळालेला, उंच हाताचा, कमी बोलणारा एखादा पोरगा मागच्या बाकावर असेल. त्याला एकदा विचारून बघा.